तळ्याकडचं दार

ही गोष्ट सांगायचं मी आजवर टाळलं. विसरलो होतो असं नाही. मुलांनी विचारलं तेव्हा विषय बदलला, नातवानं विचारलं तेव्हा ऐकू आलं नाही असं दाखवलं. कान गेल्याचा तेवढा एक फायदा. कुणाला दोष न देता सांगता येईल असं काही तरी सुचेल, म्हणून वाट पाहत बसलो. तसं काही सुचलं नाही, आणि सुचायलाही नको होतं.

गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या सप्ताहाच्या कार्यक्रमात मला शाल घालायला बोलावलं. जुना माणूस म्हणून. मोठं सभागृह, गार हवा, पहिल्या रांगेत सोफे. माझ्या उजव्या हाताला बाहेर पडायचं एक दार होतं आणि त्या दाराला टेकवून कुणा पुढाऱ्याचा माणसाहून मोठा फ्लेक्स उभा केला होता, शेजारी खुर्च्यांची चळत. मी ते पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. तेवढ्यात सूत्रसंचालन करणारा तरुण सांगू लागला, "आपल्या काल्याचे किस्से तर किती! मधे किती तरी वर्षं बायकांना कीर्तनाला बंदी होती, का माहीत आहे? एकदा एका कोळणीनं काय केलं, देवाची पालखीच उलथी केली! तिला वाटलं असेल मासळीची पाटी!"

सभागृह हसलं. बायकाही हसल्या. तो तरुण सप्ताहाच्या त्या वेळच्या अध्यक्षांचा नातू. त्याचा दोष नाही, त्याला घरात तेच ऐकायला मिळालं. पण मी तिथे शाल पांघरून बसलो होतो. मी हसलो नाही, हे खरं. उठलोही नाही.

घरी आल्यावर राग आवरेना. त्या पोराचा राग, त्याच्या आजोबांचा राग, आणि शालीखाली गप्प बसलेल्या माणसाचा सगळ्यात जास्त. म्हणून आता लिहितो.

एकोणीसशे पन्नासनंतरची गोष्ट. मी पनवेलात एका कचेरीत नोकरीला होतो. कोणती कचेरी ते लिहीत नाही, कारण चूक कचेरीची नव्हती. उत्सव, सभा, तंबूतला सिनेमा, कुस्त्यांचा फड, जे काही मैदानात भरायचं त्याला परवानगी लागे. माझे वरिष्ठ परवानगीचा अर्ज वाचत ते फक्त बोलणार कोण, काय बोलणार आणि भोंगा किती वाजेपर्यंत, एवढ्यासाठी. ते दिवस सभांचे होते; साहेब लोकांना धास्ती होती ती शब्दांची. माणसं बसणार कुठे, निघणार कुठून, चूल कुठे पेटणार, हे बघणं हलकं काम समजलं जाई. म्हणून ते माझ्याकडे होतं.

मला मात्र ते काम हलकं वाटत नव्हतं. एकदा फिरत्या सिनेमाच्या तंबूत साप निघाल्याची आवई उठली. साप नव्हताच. पुरुषांनी कनात वर केली आणि खालून सटकले. बायकांच्या बाजूची कनात मात्र खुंट्यांना घट्ट बांधलेली, कुणी फुकट आत शिरू नये म्हणून आणि कुणाची नजर पडू नये म्हणून. त्या बिचाऱ्या एका दाराशी अडकल्या. त्या वेळी नुसत्या बांगड्या फुटण्यावर निभावलं. दुसऱ्या दिवशी त्या जागेवर काचांचा खच पडला होता, तो मी पाहिला आणि त्यानंतर प्रत्येक परवानगीत एक अट घालायला लागलो: बायकांची बाजू बंदिस्त करायची असेल तर तिला समोरासमोर दोन दारं हवीत, आणि दोन्ही पूर्ण वेळ मोकळी हवीत.

ही अट माझी होती. तिचा मला अभिमान होता. अध्यक्ष चेष्टा करायचे, "आले बघा दारवाले!" मी ती चेष्टाही मिरवत असे.

अध्यक्ष म्हणजे सप्ताहाच्या मंडळाचे अध्यक्ष, भाताच्या गिरणीचे मालक. गावात त्यांना शेठ म्हणत. मी त्यांच्याच चाळीत दोन खोल्यांत राहत होतो. लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते.

सप्ताह चैत्रात असे. सात दिवस अखंड भजन आणि शेवटच्या दिवशी सकाळी काल्याचं कीर्तन, मग दहीहंडी, मग जेवणाच्या पंगती. त्या वर्षी बाहेरगावचे मोठे कीर्तनकार यायचे होते, त्यामुळे पळस्प्यापासून, कोनपासून, खाडीपलीकडून माणसं लोटणार हे आधीच दिसत होतं. तळ्याकाठच्या मैदानावर मांडव घातला होता. वर माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप. पुरुषांची बाजू तिन्ही अंगांनी उघडी. बायकांच्या बाजूला डोक्याहून उंच झापांच्या भिंती, आणि दोन दारं: एक रस्त्याकडे, एक तळ्याकडे. आदल्या दिवशी मी स्वतः दोन्ही दारांतून चालून आलो. बैलगाडी जाईल एवढी रुंद होती. मी समाधानानं घरी गेलो.

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी, नाही तर पुढचं कळणार नाही. काल्याच्या सकाळी देवाची पालखी तळ्यावर नेतात, देवाला स्नान घालतात आणि तिथून कीर्तनाला आणतात. देवही कीर्तन ऐकतो. पालखी एकदा टेकली की काला फुटेपर्यंत उचलायची नाही. देव मध्येच उठला तर गावाचं वर्ष वाईट जातं असा समज. त्या सकाळी स्नानाला उशीर झाला. तोवर मांडव गच्च भरला. पालखीवाले तळ्यावरून आले ते साहजिकच तळ्याकडच्या दारानं, बायकांच्या बाजूनं. आत पाऊल ठेवायला जागा नाही. कीर्तन सुरू झालेलं. तेव्हा त्यांनी देव दारातच टेकवला. आडवा, कीर्तनकारांकडे तोंड करून. दांडा या बाजूच्या खांबापासून त्या बाजूच्या खांबापर्यंत. भोवती चवऱ्या घेऊन मानकरी बसले, आणि बायकांचा स्पर्श होऊ नये म्हणून पुढे दोरी ताणून मोकळी जागा राखली.

मी पोचलो तेव्हा हे सगळं झालेलं होतं. मी अध्यक्षांना गाठलं.

"शेठ, ते दार मोकळं करा."

"कोणतं?"

"तळ्याकडचं. पालखी दारात बसवली आहे."

"पालखी नाही, देव बसलाय," ते म्हणाले. "देवाला उठवायचं म्हणता? तुम्ही उठवता का? चला, मी येतो बरोबर."

भोवतालचे हसले. एकजण म्हणाला, "साहेब देवाला नोटीस काढतील!"

"शेठ, एकच दार राहिलंय बायकांना. आणि त्याच बाजूला तुमची चुलाणं पेटलीत."

"अहो, तास-दीड तासाचा प्रश्न. देव दारात असताना काय होणार आहे?" त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला. "चला, कपाळाला बुक्का लावा. आज तुमच्या हातून हार घालायचाय कीर्तनकारबुवांना. वहिनीही आल्यात ना? मग! त्यांनाही बघू दे."

बायको आली होती. शेजारणीबरोबर. शेजारीण गरोदर होती, सहावा की सातवा महिना असेल. मी त्यांना रस्त्याकडच्या दारातून आत जाताना पाहिलं होतं.

मी हार घातला. टाळ्या झाल्या. मी पुरुषांच्या बाजूला, पुढे, सतरंजीवर बसलो. त्या दाराकडे पाठ होईल असा बसलो.

दुपारी खाडीवरचं वारं सुटतं हे पनवेलात जन्मलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. तरी चुलाणं रस्त्याच्या बाजूला खोदली होती, कारण तिथून पंगतीला वाढणं सोपं. वारं फिरलं आणि जाळ लवला. एक ठिणगी दारावरच्या झापाला लागली. फार काही पेटलं नाही, हे मी आजही शपथेवर सांगेन. चार-सहा झाप जळले. आचाऱ्यांनी पाण्याच्या कळशा मारून ते विझवलेही. पण आत धूर भरला आणि कोणी तरी ओरडलं, "आग!"

कीर्तनकार मोठ्यानं म्हणू लागले, "बसा, बसा, माऊली, नाम घ्या!" चांगल्या हेतूनंच म्हणाले असतील. पुरुष बसले नाहीत. ते तिन्ही बाजूंनी बघता बघता बाहेर गेले, आणि त्यातले काही चपला राहिल्या म्हणून परतही आले. बायका मात्र रस्त्याकडच्या दाराशी धुरात थडकल्या, मागे वळल्या, आणि झापांच्या त्या भिंतींच्या आत एकीवर एक अशा दाटल्या.

मी मांडवाला वळसा घालून तळ्याच्या बाजूला धावलो. तिथे जे पाहिलं ते डोळ्यांसमोरून जात नाही. पालखी दारात तशीच आडवी. तिच्यापलीकडे बायकांची भिंत. आणि मधे मानकरी दोन्ही हात पसरून उभे, बायकांना मागे रेटत: "देवाला शिवू नका! मागे व्हा! विटाळ करू नका!" आतून लेकरांचं रडणं. एकीचा पदर दोरीत अडकलेला, ती खाली गेली होती.

त्या गर्दीच्या पुढे मावशी होत्या. गव्हाणच्या बाजूच्या कोळीण. भरतीला होडीनं पनवेलच्या बंदरावर येत आणि बाजारात, कोपऱ्यावरच्या पिंपळाखाली पाटी मांडून बसत. आमच्या घरी मासळी त्यांच्याकडूनच येई. बायको त्यांना मावशी म्हणे. मी त्यांना काहीच म्हणत नसे. आज लिहिताना तरी मावशी म्हणतो.

मावशींनी दोरी उचकटली. एक मानकरी त्यांच्या अंगावर धावला, त्याला त्यांनी कोपरानं बाजूला केलं.

"ए बये, देव हाये तो!"

"मना ठावं हाय द्येव हाय! द्येवाला नंतर पाया परीन! बायका मरतान इतं, दिसत नाय तुमाला?"

त्यांनी दांड्याचं एक टोक धरलं. पालखी एकट्यानं हलणारी नव्हती. तेव्हा त्यांनी समोर पाहिलं. समोर मी होतो.

"ओ सायेब! पावता काय? धरा त्यो दांडा! धरा, एका अंगाला घेऊ!"

मी दांडा धरला. दोन्ही हातांनी धरला. पालखी जमिनीवरून उचलली गेली, थोडी माझ्या बाजूला सरकलीही. मावशींच्या मागे मला माझी बायको दिसली, केस सुटलेले, शेजारणीला कवटाळून उभी. दार उघडत होतं.

"साहेब, तुम्ही?" माझ्या कानाशी एक मानकरी ओरडला. "तुम्ही हात घालता देवाला? काला फुटायच्या आत? शेठना सांगू?"

मी हात काढले.

एवढंच केलं मी. हात काढले. माझं टोक धाडकन खाली आलं, पालखी कलंडली, आणि देवाचा चांदीचा मुखवटा बाहेर पडून मातीत गडगडला. मावशींनी त्यांचं टोक सोडलं नाही. त्यांनी तसंच ओढून ती पालखी आत एका अंगाला फरफटत नेली आणि दार मोकळं केलं. बायका बाहेर आल्या. तळ्याच्या पायऱ्यांवर बसून खोकत होत्या, पोरांना हाका मारत होत्या. मावशी शेवटी आल्या. हाताला सालपटं निघाली होती. मातीतला मुखवटा त्यांनीच उचलला, पदरानं पुसला आणि पालखीत ठेवला. ते मात्र कुणी पाहिलं नाही, आणि पाहिलं असेल तर पुढे कुणी बोललं नाही.

एका म्हातारीच्या बरगड्या मोडल्या. तो उन्हाळा ती अंथरुणावरच होती. आमच्या शेजारणीचं मूल गेलं. संध्याकाळी सुईण बाहेर येऊन माझ्या बायकोला काही तरी हळू बोलली आणि बायको भिंतीला टेकून खाली बसली.

त्याच संध्याकाळी देवळापुढे गाव जमलं होतं. मला वाटलं, त्या शेजारणीची चौकशी करायला जमले असतील. मुखवट्याच्या नाकाला पोचा आला होता. माणसं त्या पोचाकडे बघून डोळे पुसत होती. मोठमोठी माणसं, गिरण्यांची, दुकानांची, शिकलेली. कुणी म्हणत होतं शुद्धी करायला हवी, कुणी म्हणत होतं त्या कोळणीला देवापुढे नाक घासायला लावा. तिथून हाकेच्या अंतरावर एक बाई आपलं न जन्मलेलं मूल गमावून पडली होती आणि त्या गर्दीतल्या एकानंही तिच्या दाराकडे मान वळवली नाही. मला आज कालची कामं आठवत नाहीत, पण तो जमाव आठवतो आणि रक्त उसळतं. चांदी ठोकून सरळ होते हो! सोनारानं ती दुसऱ्या दिवशी सरळ केलीही.

जिल्ह्याहून चौकशीला साहेब आले. शाळेच्या वर्गात टेबल मांडलं होतं. अध्यक्ष होते, मानकरी होते, मावशी दाराशी जमिनीवर बसल्या होत्या. आदल्या रात्री अध्यक्ष माझ्याकडे आले नव्हते, धमकी दिली नव्हती. लोकांना वाटतं अशा वेळी कुणी तरी धमकावतं. तसं काही लागत नाही. चाळीच्या जिन्यात ते भेटले आणि म्हणाले, "उद्या वेळेवर या," एवढंच. मला ते पुरलं.

साहेबांनी विचारलं, "बायकांच्या बाजूला दारं किती?"

"दोन, साहेब."

"दोन्ही मोकळी होती?"

मी म्हणालो, "होती."

"मग पालखी?"

"दाराच्या बाजूला होती. गडबडीत बायका चुकीच्या अंगाला धावल्या."

मग दाराशी मावशी उठून उभ्या राहिल्या.

"आँ? सायेब, बाजूला व्हती? तुमीच तं दांडा धरला व्हता ना माज्यासंगं? मना काय इचारता, यांना इचारा! यांनी सोरला म्हनून द्येव परला!"

जिल्ह्याच्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही दांडा धरला होता?"

"नाही, साहेब."

अध्यक्ष हळूच हसले. म्हणाले, "साहेब, ही माणसं घाबरली की काहीही बोलतात."

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांच्या तोंडाला बाजारात कुणी लागत नसे, गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं तर त्याच्या सात पिढ्या काढत. त्या दिवशी त्या फक्त म्हणाल्या, "बरा," आणि पाटी उचलून निघून गेल्या.

चौकशीचा निष्कर्ष निघाला की एका बाईच्या आततायीपणामुळे गोंधळ वाढला. गोंधळ वाढला! त्यांनी ओढलं नसतं तर तळ्याच्या पायऱ्यांवर त्या दिवशी खोकणाऱ्या बायका नव्हे, झाकलेल्या बायका असत्या. माझी बायको त्यांत असती.

मंडळानं काही हुकूम काढला नाही. नुसतं घरोघर पसरलं की कोपऱ्यावरच्या कोळणीच्या पाटीला हात लावायचा नाही. ज्यांच्या बायका तिनं बाहेर ओढल्या ते नवरेच पिंपळाजवळून मान फिरवून जाऊ लागले. पहिल्याच दिवशी माझी बायको पिशवी घेऊन सरळ पिंपळाखाली गेली, मावशींसमोर बसली, त्यांच्या सोललेल्या हातांना लावायला घरचं तेल नेलं होतं तिनं, आणि भर बाजारात बोंबील घेऊन आली. संध्याकाळी शेठच्या घरून कुणीतरी सहज आल्यासारखं येऊन बसलं आणि चाळीच्या खोल्यांना मागणी फार आहे असं बोलून गेलं.

मी बायकोला म्हणालो, "उद्यापासून जाऊ नकोस."

ती भांडी घासत होती. म्हणाली, "त्या दिवशी मी तिथेच होते. दांड्याच्या पलीकडे."

"मला माहीत आहे."

"बरं," ती म्हणाली. "नाही जात."

ती गेली नाही. पण दुसऱ्या कुणाकडूनही तिनं मासळी घेतली नाही. आमच्या घरात मासा शिजायचा बंद झाला. पाहुणे आले की विचारत, "अरे, तुम्ही केव्हापासून सोडलं?" ती शांतपणे म्हणे, "ह्यांना विचारा."

मावशी काही आठवडे येत राहिल्या. भरलेली पाटी आणायच्या, भरलेली न्यायच्या. मग पिंपळाखालची जागा रिकामी दिसू लागली. कुणी म्हणालं त्या आता उरणकडे जातात, कुणी म्हणालं गावातच विकतात.

पुढच्या वर्षी सप्ताहाचा अर्ज आला. त्यात काल्याच्या कीर्तनाला बायकांना प्रवेश ठेवलेला नव्हता. मी वरिष्ठांना दाखवला. ते खूश झाले. "चला, अडचणच मिटली. आता तुमच्या दोन दारांची कटकट नको." दार उघडं ठेवण्यापेक्षा बायकांनाच बाहेर ठेवणं सगळ्यांना सोपं वाटलं, आणि याला बंदोबस्त म्हणतात! त्यावर शिक्का मी मारला. दारवाला म्हणून मिरवणारा मी. त्या कीर्तनाला बायका पुन्हा जाऊ लागल्या त्याला किती तरी वर्षं गेली, आणि का गेल्या नव्हत्या याचं उत्तर अजूनही लोक "एका कोळणीनं" असंच देतात.

मला दुसरीकडे घर मिळालं, शेठ वारले, आमची मुलं शाळेत जाऊ लागली. आता भिण्यासारखं काही उरलं नव्हतं. साठनंतरच्या एका रविवारी मी बायकोला म्हणालो, "गव्हाणला जाऊन येतो." तिनं कशाला म्हणून विचारलं नाही. डब्यात नारळाच्या वड्या भरून दिल्या.

एसटीत मी काय बोलायचं ते मनाशी घोकत होतो. गावाबाहेर उतरलो. विचारत विचारत खाडीकडे गेलो. मावशी अंगणात जाळं पसरून बसल्या होत्या, बरोबर सून होती बहुधा. मी समोर उभा राहिलो. त्यांनी कपाळावर हात धरून पाहिलं आणि मला ओळखलं. ते त्यांच्या चेहऱ्यावर मला कळलं.

"बाय बरी हाय ना?" त्यांनी विचारलं.

"बरी आहे. तिनं हे दिलंय." मी डबा पुढे केला.

"पोरं?"

"दोन आहेत."

"बरा झाला." त्यांनी डबा सुनेकडे दिला. "ती शेजारीन? तिला झाला का पुना प्वार?"

"झालं. मुलगी आहे."

"बरा झाला," त्या पुन्हा म्हणाल्या आणि जाळ्याकडे वळल्या नाहीत. हात थांबवून माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांनी मला वेळ दिला होता. मी का आलो ते त्यांना कळलं होतं, याबद्दल मला शंका नाही.

मी तोंड उघडलं. शेजारच्या ओट्यावर दोन पुरुष बिड्या ओढत बसले होते, सून उंबऱ्यात उभी होती. पुन्हा माणसं होती. माझ्या आयुष्यात नेहमी कुणी तरी बघणारं होतं आणि नेहमी मला तेच पुरलं. मी म्हणालो, "जिताडा मिळेल का?"

मावशी हसल्या. मोठ्यानं, बाजारात हसायच्या तशा. "अगो आयकलास का? सायेब पनवेलहून जिताडा घ्याला आलंत! पनवेलच्या बाजारान मासली संपली वाटतं!"

ओट्यावरचे पुरुष हसले. सुनेनं घरातून जिताडा आणला. मावशींनी स्वतः त्याच्या गालफडातून झावळीची पाती ओवून गाठ मारली आणि माझ्या हातात दिला. "बायला सांगा, मी इचारला म्हनून."

घरी पोचलो तेव्हा बायको दारातच होती. तिनं आधी माशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सांगितलंत?"

मी मासा तिच्या हातात दिला.

"त्यांच्या हातचा आहे," ती म्हणाली, "टाकायचा नाही." तिनं तो साफ केला, कालवण केलं, मुलांना वाढलं, मला वाढलं, स्वतः वाढून घेतलं. किती वर्षांनी घरात तो वास आला होता. मुलांनी पुन्हा वाढून घेतलं.

मग मी पुन्हा गेलो नाही. पुढच्या महिन्यात जाऊ, परीक्षा झाल्यावर जाऊ, पावसाळा संपल्यावर जाऊ. मावशी गेल्याचं मला बाजारात कळलं, कुणी तरी दुसरंच काही सांगता सांगता बोलून गेलं. बायकोला सांगितलं तेव्हा ती उठून देवापुढे दिवा लावून आली. आता तीही नाही. त्या दाराच्या आत आणि बाहेर उभं असलेलं कुणीच आता उरलं नाही, मी सोडून. म्हणून तो पोरगा माझ्यासमोर बेधडक तो किस्सा सांगू शकला.

एसटीत घोकलेलं ते मला अजून पाठ आहे. शब्द फार नव्हते. शाळेच्या वर्गात सगळ्यांसमोर म्हणायचे होते, निदान गव्हाणच्या त्या अंगणात तरी:

मावशी, दार बंद होतं. ते बंद आहे हे मला सकाळीच ठाऊक होतं आणि मी हार घालायला गेलो. देव तुमच्या हातून पडला नाही. दुसरं टोक माझ्या हातात होतं, ते मी सोडलं, आणि नंतर धरलंच नव्हतं असं सांगितलं. तुम्ही माझी बायको बाहेर काढलीत आणि मी तुम्हाला बाजारातून बाहेर काढलं. मला माफ करा.